यजमानपदाची हळहळ

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडासंघटनेच्या सर्वसाधारण सभेने २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला दिले. २०३६च्या ऑलिंपिकसाठी भारताने पुढे केलेले शहरही अहमदाबादच आहे. तेव्हापासून मराठी सुशिक्षित वर्गात एक हळहळ सतत कानी येते. मुंबईचे आणखी काही हिरावून नेले गेले, असा तिचा सूर आहे. प्राध्यापकांच्या खोलीत ती ऐकू येते, विद्यार्थ्यांच्या निबंधांत उतरते, वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांत तर ती असतेच. या हळहळीला निमित्तही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्याच उपनगरात, वांद्रे-कुर्ला संकुलात भरले होते. २०३६च्या यजमानपदासाठी भारत प्रयत्नांची शर्थ करील, ही पंतप्रधानांची घोषणा तिथलीच. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या स्पर्धांत क्रिकेटचा समावेश करण्याचा निर्णयही तिथलाच. बोलणी आमच्या दारात झाली आणि लग्न दुसरीकडे ठरले, असे मुंबईकराला वाटल्यास नवल नाही.

आम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील चार महाविद्यालयांत मराठी शिकवितो. क्रीडाक्षेत्राचे आम्ही तज्ज्ञ नाही. परंतु शब्द कोणत्या अर्थाने वापरले जातात आणि त्यांच्या आड काय दडविले जाते, हे पाहणे हा आमचा व्यवसाय आहे. त्या अधिकाराने आमचे म्हणणे स्पष्टपणे मांडतो. ही हळहळ चुकीच्या गोष्टीसाठी आहे. मुंबईने यजमानपद गमावले याचे दुःख करण्याचे कारण नाही. मुंबईने मैदाने गमावली आणि त्याची हळहळ कोणालाही वाटली नाही, हे खरे दुःख आहे.

आधी 'यजमान' हा शब्दच घेऊ. 'यज्' या धातूपासून तो आला. यज्ञ करविणारा, त्याचा खर्च सोसणारा आणि त्याच्या फळाचा धनी होणारा, तो यजमान. ऋत्विज मंत्र म्हणतात, दक्षिणा घेतात आणि निघून जातात. खर्चही यजमानाचा, फळही यजमानाचे, असा तो चोख व्यवहार होता. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ऋत्विजांची जागा क्रीडासंघटनांनी घेतली आहे आणि त्यांची दक्षिणा करारानेच ठरते. यजमान शहराबरोबर होणाऱ्या करारात आर्थिक जोखीम शहराकडे आणि त्या देशाच्या शासनाकडे राहते. इथपर्यंत जुने रूपक जुळते. पुढे मात्र ते मोडते. खर्च करणारा नागरिक एक असतो, घर ज्याचे हलविले जाते तो दुसरा असतो आणि व्यासपीठावर हार स्वीकारणारा तिसराच असतो. या तिघांना मिळून आपण 'शहर' हा एकच कर्ता देतो. 'शहराने स्पर्धा भरविल्या' या वाक्यातील 'शहराने' म्हणजे नेमके कोणी, हा प्रश्न व्याकरणाचा आहे आणि राजकारणाचाही.

दिल्लीचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. पहिल्या आशियाई स्पर्धा ४ ते ११ मार्च १९५१ या काळात दिल्लीत झाल्या. अकरा देश आले. नव्या प्रजासत्ताकाने त्यासाठी जुने आयर्विन ॲम्फिथिएटर राष्ट्रीय क्रीडागार म्हणून वापरले. पाहुणे आले, खेळले, गेले. घर जवळजवळ होते तसेच राहिले. १९८२च्या आशियाई स्पर्धांपर्यंत चित्र पालटले होते. जवाहरलाल नेहरू क्रीडागार, उड्डाणपूल, रंगीत दूरचित्रवाणी यांच्या आठवणी आमच्या पिढीने बालपणी जपल्या. मात्र त्याच वर्षीचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने या बांधकामांवरील मजुरांची स्थिती न्यायालयापुढे मांडली. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत असे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. ज्या सोहळ्याला आपण राष्ट्राची शान म्हणत होतो, त्याच्या पायात वेठ होती, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने लिहून ठेवले आहे.

२०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांविषयी अधिक सांगण्याची गरज पडू नये. उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना मुख्य क्रीडागाराजवळचा पादचारी पूल कोसळला, हे सर्वांना आठवते. २०११मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, हेही आठवते. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या निधीतून या स्पर्धांच्या कामांकडे पैसा वळविला गेला आणि तसे करणे चूक होते, हे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केले होते, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. दलित साहित्य शिकविणाऱ्यांना तरी ते आठवावे. यजमानाने पाहुण्यांपुढे ताट वाढले खरे; ते कोणाच्या पुढ्यातून उचलले होते, हा प्रश्न राहतोच. 'आयोजनात मराठी माणूस असता तर' हा युक्तिवादही येथे चालणार नाही. दिल्लीच्या आयोजन समितीचे नेतृत्व पुण्याच्याच सुरेश कलमाडी यांच्याकडे होते.

यावर उत्तर असे येते की हा भारतीय व्यवस्थेचा दोष आहे, बाहेर असे होत नाही. तर बाहेर पाहू. माँट्रियलच्या महापौरांनी १९७६च्या ऑलिंपिकपूर्वी छातीठोकपणे सांगितले होते की पुरुषाला मूल होणे जितके अशक्य, तितकीच या स्पर्धांत तूट येणे अशक्य. ते कर्ज २००६मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी फिटले, आणि फेडण्यासाठी तंबाखूवर कर बसवावा लागला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९६० ते २०१६ या काळातील ज्या ऑलिंपिक स्पर्धांचे आकडे हाती आले, त्यांचा ताळेबंद मांडला. खर्चाने अंदाज ओलांडला नाही अशी एकही स्पर्धा त्यांना आढळली नाही. सरासरी वाढ १५६ टक्के होती, माँट्रियलची ७२० टक्के. अथेन्समधील २००४ची कित्येक क्रीडागारे पुढे ओस पडली.

अपवाद आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. बार्सिलोनाचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. पण समुद्राकडे पाठ फिरवून बसलेले शहर पुन्हा समुद्राकडे वळविण्याचा विचार तिथे आधीपासून होता. १९९२चे ऑलिंपिक त्यासाठी हाताशी आलेली संधी ठरली. दुसरे नाव लॉस एंजेलिसचे. १९८४च्या स्पर्धांत तिथे वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक उरली. ती का उरली, हे पाहावे. माँट्रियलची दशा पाहून तिथल्या मतदारांनी १९७८मध्येच शहराच्या तिजोरीला कुलूप लावणारी तरतूद संमत केली होती. मुख्य क्रीडागार १९३२च्या ऑलिंपिकचेच वापरले गेले आणि खेळाडू विद्यापीठांच्या वसतिगृहांत राहिले. म्हणजे ज्या शहरात मैदाने आणि वसतिगृहे आधीच होती आणि ज्या शहराच्या नागरिकांना 'नाही' म्हणता येत होते, त्या शहराला यजमानपद पचले. डेन्व्हरच्या रहिवाशांनी तर १९७२मध्ये मतदानाने हिवाळी ऑलिंपिकचा खर्च नाकारला आणि मिळालेले यजमानपद परत गेले. हॅम्बुर्गने २०१५मध्ये मतदानातून नकार दिला. ज्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी आपण हळहळतो, त्यांचीच अलीकडची कथा पाहा. २०२२चे यजमानपद डर्बनकडून २०१७मध्ये काढून घ्यावे लागले, २०२६च्या यजमानपदातून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२३मध्ये अंग काढून घेतले आणि ग्लासगोने त्या अवघ्या दहा क्रीडाप्रकारांपुरत्या स्वीकारल्या. २०३०साठी अहमदाबादसमोर उरले होते ते नायजेरियाचे अबुजा. जी वस्तू जगातील सधन शहरे एकामागून एक खाली ठेवीत आहेत, ती शेजाऱ्याने उचलली म्हणून आपण ऊर बडवावा, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

आता महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास. तो तर या हळहळीच्या थेट विरोधात साक्ष देतो. भारताने ऑलिंपिकसाठी पहिला संघ पाठविला तो १९२०मध्ये अँटवर्पला. त्याचे मूळ पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी गावाकडची माणसे दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास येत होत्या. दोराबजींनी पुढाकार घेतला, पैसा उभा केला आणि संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे आणि कुमार नवले उतरले. पुढे १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगापुढे करून दाखविले. १९५२मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या साऱ्यांच्या मागे एकही भव्य क्रीडागार नव्हते. होते ते एका जिमखान्याचे मैदान, एका आखाड्याची माती, एका तालमीची शिस्त आणि लोकवर्गणी.

खाशाबांची कथा आपण डोळे पुसत सांगतो, परंतु तिचा अर्थ लावीत नाही. हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना दारोदार मदत मागावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, असे सांगितले जाते. शासनाकडे तेव्हा त्यांच्या प्रवासापुरते पैसे नव्हते. २०१०मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांसाठी कुस्तीचे क्रीडागार उभे राहिले आणि त्याला खाशाबांचे नाव देण्यात आले. खेळाडू हयात असताना त्याचे भाडे देता आले नाही. तो गेल्यावर इमारतीला त्याचे नाव देता आले. यजमानपदाच्या संस्कृतीचे याहून नेमके वर्णन आम्हांला सुचत नाही.

बालेवाडीचे उदाहरण मात्र आमच्या विरोधात दिले जाईल आणि ते प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याजवळ श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, त्यांचा सराव बालेवाडीचाच. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते खाशाबांनंतर तब्बल बहात्तर वर्षांनी. मग यजमानपद फळले असे का म्हणू नये? आमचे उत्तर असे. कुसाळे २००९मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, म्हणजे युवा स्पर्धांचे पाहुणे निघून गेल्यानंतर. त्यांना घडविले ते त्या सात दिवसांच्या सोहळ्याने नव्हे. एका गावातील मुलाला निवडून त्याच्या हाती रायफल देणारी, त्याला वर्षानुवर्षे सराव करू देणारी एक नीरस, सरकारी, बातमीत न येणारी व्यवस्था होती, तिचे ते फळ आहे. इमारत तिला उपयोगी पडली, हे खरे. पण मग अशी इमारत आणि अशी व्यवस्था उभी करण्यासाठी परदेशी पाहुणे येण्याची वाट का पाहावी? घरच्या मुलांना जेवू घालण्यासाठी पाहुणा येण्याची अट घालणाऱ्या घराला आपण काय म्हणतो?

हा प्रश्न आम्हांला उपनगरात रोज भेटतो. अंधेरीत वीरा देसाई मार्गावर महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल १९८८पासून उभे आहे. त्याची सर्वांत मोठी कीर्ती कोणत्याही शर्यतीची नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनचा कार्यक्रम तिथे झाला, ही ती कीर्ती. त्या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक कराच्या माफीविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली आणि ते प्रकरण लांबत लांबत २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या पुन्हा माफीच्याच निर्णयापर्यंत आले. २०१६पासून तिथे व्यावसायिक फुटबॉलचे सामने होऊ लागले आणि मैदानाचे नाव झाले 'मुंबई फुटबॉल अरेना'. २०२२च्या आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे सामने तिथे झाले, ते याच नावाने. रस्त्यावरच्या पाटीवर शहाजीराजे आणि जगापुढे 'अरेना', अशी ही दुहेरी नावांची सोय आहे. अस्मितेच्या राजकारणाला तिचा कधी राग आल्याचे आम्ही ऐकले नाही.

मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडासंकुल आणि महाकवी कालिदास नाट्यगृह शेजारी शेजारी आहेत. खेळ आणि नाटक एका आवारात असावे, ही कल्पना आम्हां साहित्याच्या माणसांना फार प्रिय आहे. पण अशी ठिकाणे किती? मुंबईत माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. एक माणूस हात पसरून उभा राहिला तर तेवढी जागा पुरत नाही. तिथे धावायचे कोठे? आणि जी मैदाने आहेत, तीही सदैव कोणाला तरी देण्याच्या बेतात असतात. जानेवारी २०१६मध्ये महापालिकेने मोकळे भूखंड खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण संमत केले होते. नागरिकांनी विरोध केला म्हणून मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. तो विरोध करणाऱ्यांत ऑलिंपिकसाठी हळहळणारे किती होते, हे विचारावेसे वाटते.

आमच्यासारख्या महाविद्यालयांत 'जिमखाना' या शब्दाचा अर्थ एक खोली, दोन कॅरम बोर्ड आणि टेबल टेनिसचे एक टेबल एवढाच उरला आहे. १९१९मध्ये पुण्यात याच शब्दाचा अर्थ धावपट्टी आणि आखाडा होता. पोलीस भरतीची तयारी करणारे आमचे विद्यार्थी पहाटे द्रुतगती मार्गाच्या सेवारस्त्यावर मालमोटारींच्या कडेने धावतात. मुलींना तेही शक्य नसते. ज्या थोड्या मैदानांत जागा आहे, तिथे क्रिकेटच्या सहा संघांनी आधीच खेळपट्ट्या आखलेल्या असतात. कबड्डी १९९०पासून आशियाई स्पर्धांत आहे, याचा आम्हां मराठी माणसांना मोठा अभिमान. ती खेळायला लागणारी जागा तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. तेवढी माती उपनगरातील किती महाविद्यालयांच्या आवारात आहे, हे प्रत्येकाने आपल्या खिडकीतून पाहावे.

यावर आम्हांला कोणी करंटे म्हणतील. मोठी स्वप्ने पाहायचीच नाहीत का, असे विचारतील. स्पर्धांच्या निमित्ताने रस्ते होतात, मेट्रो येते, शहराचे नाव होते, असेही सांगतील. रस्ते आणि मेट्रो या नागरिकांच्या नित्याच्या हक्काच्या गोष्टी आहेत; त्या मिळण्यासाठी पंधरा दिवसांच्या उत्सवाचे निमित्त लागत असेल, तर दोष आपल्या कारभारात आहे आणि उत्सवाने तो झाकला जातो. शहराच्या नावाचे म्हणाल, तर मुंबईला नावाची कधीच वाण नव्हती. आणि स्वप्नांचे म्हणाल, तर कोणाचे घर हलवून कोणाचे स्वप्न पुरे होणार, हे आधी सांगावे. झोपडवस्तीकडे वस्तीतून पाहायला मराठी वाचक जयवंत दळवींच्या 'चक्र'पासून, म्हणजे १९६३पासून शिकत आला आहे. त्या वाचनाचा एवढा तरी उपयोग व्हावा की 'सुशोभीकरण' हा शब्द ऐकताच आपण सावध व्हावे.

अहमदाबादच्या रहिवाशांविषयी आमच्या मनात असूया नाही. त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत आणि थोडी काळजीही. दिल्लीने १९८२ आणि २०१०मध्ये जे भोगले, ते त्यांच्या मजुरांच्या आणि वस्त्यांच्या वाट्याला येऊ नये. मुंबईसाठी मात्र उद्या कोणी पुन्हा यजमानपदाची मागणी घेऊन उभे राहिले, तर तिच्याआधी दोन मागण्या उभ्या राहिल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक प्रभागातील खेळाच्या मैदानांचा जाहीर हिशेब द्यावा: मैदान कोणाच्या ताब्यात आहे, वर्षातील किती दिवस ते मांडवांखाली असते, फाटक केव्हा उघडते, मुली तिथे किती वेळ खेळू शकतात. दुसरी, खर्चाचा करार करण्यापूर्वी डेन्व्हर आणि हॅम्बुर्गप्रमाणे नागरिकांचे मत घ्यावे आणि लॉस एंजेलिसप्रमाणे तुटीची मर्यादा आधीच बांधावी.

आणि एक मागणी आम्हां शिक्षकांकडूनच. 'मुंबईत ऑलिंपिक भरले तर...' हा निबंधाचा विषय आता पुरे झाला. त्याला मिळणारी उत्तरे आम्हांला पाठ आहेत. 'जागतिक नकाशावर' आणि 'पायाभूत सुविधा' हे दोन शब्दप्रयोग सोडले तर त्यांत काही नसते. त्याऐवजी 'माझ्या घराजवळचे मैदान' हा विषय द्यावा आणि विद्यार्थ्याने ते प्रत्यक्ष पाहून, फाटकावरची पाटी वाचून, रखवालदाराशी बोलून लिहावे. घाटकोपरच्या आणि बोरिवलीच्या, मुलुंडच्या आणि अंधेरीच्या शे-दोनशे मुलांनी असे लिहिले, तर या शहराकडे पाहुण्यांना दाखविण्याजोगे काय आहे आणि घरच्यांसाठी काय उरले आहे, याचा पहिला खरा दस्तऐवज मराठीत तयार होईल. येत्या सत्रापासून आम्ही तो विषय देणार आहोत. इतरांनीही द्यावा.